तात्यांच्या ग्रंथालयातल्या गाठी

तात्यांची पहिली ओळख माझ्या वडिलांच्या, आण्णांच्या तेराव्याला झाली. सांगवीच्या आमच्या घरासमोर एका धिप्पाड गृहस्थांनी सायकल लावली आणि टेकायच्या आत आईला म्हणाले, "वहिनी, आण्णांची गळाची काठी चुलीत घालू नका. मला द्या."

"न्या की! त्या काठीपायी ह्या घरात कधी टायमाला जेवान झालं न्हाय," आई फणकारली.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर तात्यांनी जळोचीत, आपल्याच घराच्या पुढच्या दोन खोल्यांत, हौसेच्या मासेमारीचं ग्रंथालय थाटलं. लोक हसले, मीही हसलो. पोटासाठी मासे धरणाऱ्याला कोणी काही म्हणत नाही. पण हौसेनं गळ टाकून नीरेकाठी बसणारा म्हणजे रिकामटेकडा, अशी आपल्याकडची समजूत. तात्यांनी मात्र गळाच्या मासेमारीवरची पुस्तकं, जुनी मासिकं, वेताच्या काठ्या जमवल्या. काचेच्या पेट्यांत बारामती-इंदापूरच्या दिवंगत हौशी मंडळींचे गळ ठेवले, ज्यानं त्यानं बांधलेल्या दोऱ्याच्या गाठीसकट. गळ बाजारात मिळतो. गाठ मात्र ज्याची त्याची वेगळी. "पुस्तकात गळ घावंल, गाठ न्हाय घावायची," असं तात्या प्रत्येक वाचकाला बजावत.

वर्षभरानं ते रिक्षा करून आईला ग्रंथालय दाखवायला घेऊन गेले. आण्णांच्या पेटीत तिनं निरखून पाहिलं. "व्हय, ह्यांचीच. डावखुरे हुते, उलटा फेरा घ्यायचे," म्हणाली आणि पदरानं काच पुसली. तेव्हापासून बारामतीच्या बाजाराला आली की ती जळोचीला उतरतेच. तात्या स्वतः चहा करून देतात आणि तिला पेटीपाशी एकटं सोडून बाहेर ओट्यावर बसतात.

आता आमचे प्रताप. तात्यांच्या पंचाहत्तरीसाठी गौरव समिती झाली, मी तिचा चिटणीस. तात्या निरवांगीला लेकीकडे गेले होते, तेवढ्यात ग्रंथालय नटवून त्यांना चकित करायचं ठरलं. भिंतींना रंग दिला. पाहुण्यांसमोर गंजके गळ बरे दिसतील का, म्हणून ते रॉकेलनं घासले. घासताना गाठी आड येत होत्या, त्या ब्लेडनं कापल्या. मग सगळ्या गळांना नवा नायलॉनचा दोरा, सगळ्यांना एकसारखी गाठ! आण्णांची गाठ मी माझ्या हातानं कापली. काय म्हणावं आमच्या अकलेला!

तात्या परतले, पेट्यांसमोर उभे राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "लई चकचकीत केलंत," एवढंच म्हणून खाली बसले. आम्ही उकिरड्याकडे धावलो, पण कचरा सकाळीच पेटवून झाला होता. वर त्यांनीच आमची समजूत घातली, "चांगल्या मनानंच केलंत की." तोंड लपवायला जागा उरली नाही.

हल्ली ते रोज चष्मा लावून एकेक गाठ आठवणीनं बांधतात. "मूळ गाठ नाही, आठवणीतली" अशी चिठ्ठी प्रत्येक पेटीवर लावतात. आण्णांचा उलटा फेरा अजून त्यांना साधलेला नाही. आई त्यानंतर बाजाराला आलेली नाही, म्हणून तिला हे ठाऊक नाही; तिला समारंभाची मोठी हौस आहे. समारंभच रद्द करू, असं मी तात्यांना म्हणालो.

"रद्द कशाला? शाल नको, दोरा आणा. ज्याला बापाची, चुलत्याची गाठ येतीया त्यानं तितंच बांधावी. आन् वहिनींना माझ्याशेजारी बसवा. त्यो उलटा फेरा त्यांनीच बघितलाय."

तात्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, हे मागताना मान वर होत नाही. आम्ही कापलेल्या गाठी आता त्यांच्याच बोटांत उरल्या आहेत, म्हणजे या मागण्यातही स्वार्थ आमचाच. तरी मागतो. आणि समारंभाआधी घरी जाऊन, गाठ कुणी कापली ते आईला सांगतो.