कमळाकाकीची भूक

भाकरी मोडण्यापूर्वी कमळाकाकी ती दोन्ही हातांनी तोंडाजवळ नेई आणि डोळे मिटून तिचा वास घेई. नुकतीच तव्यावरून उतरलेली, पापुद्रा फुगलेली बाजरीची भाकरी. तिच्या वाफेने काकीच्या कपाळावरचे कुंकू ओलसर होई. मग लसणाचे तिखट, कांद्याची फोड, आणि पोथी ऐकणाऱ्या माणसाची एकाग्रता. "जेवताना मला हाक मारू नगा," ती म्हणे, "तवा मी घरात नसते."

निरवांगीच्या त्या घरात तिच्या या सुखावर एक जुना डाग होता. लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्रात घरातल्या सगळ्या बायका नऊ दिवस पाण्यावर राहिल्या. काकी तिसऱ्या दिवशी गोठ्यात, वैरणीच्या आडोशाला शिळी भाकरी खाताना सापडली. तिला पकडले ते आक्काने, तिच्या थोरल्या जावेने. तेव्हापासून घटाच्या मातीत धान्य पेरायला काकीचा हात कधी लागला नाही. "कमळीच्या पोटात भस्म्या हाय," आक्का आल्यागेल्याला सांगे. काकी हसे. चाळीस वर्षे ती हसत राहिली आणि ते हसू मला खरे वाटत राहिले.

साठी ओलांडल्यावर तिची साखर वाढली, वजन वाढले, जिना चढताना गुडघे बोलू लागले. मी तिची पुतणी, बारामतीला कॉलेजात शिकवते, म्हणून तिला डॉक्टरांकडे नेणे माझ्याकडे आले. डॉक्टरबाई शांत होत्या. साखरेची गोळी चालू होतीच. तिच्या जोडीला आठवड्यातून एकदा, पोटाच्या कातडीखाली घ्यायचे इंजेक्शन त्यांनी सुचवले. त्याआधी घरात कुणाला थायरॉइडचा कर्करोग होता का, काकीला कधी स्वादुपिंडाची सूज किंवा पित्ताचे खडे झाले होते का, हे खोदून विचारले.

"जेवण झालं की आतडी मेंदूला निरोप धाडतात, बास झालं म्हणून," त्यांनी समजावले. "हे औषध त्या निरोपासारखंच काम करतं. जठरही सावकाश रिकामं होतं. म्हणून भूक कमी लागते."

"म्हंजी मेंदूला थाप मारायची!"

"थाप नाही, मावशी. तुमचा निरोप हळू आवाजात जातो, तो आपण मोठ्यानं सांगायचा."

काकीला हे फार आवडले. पुढच्या सूचना मी वहीत उतरवल्या. सुरुवात लहान डोसने, वाढवायचा तो तपासूनच. मळमळले तर थोडे थोडे खावे, पाणी भरपूर प्यावे. उलट्या थांबेनात किंवा पोटातली कळ पाठीत गेली तर थेट दवाखाना गाठावा. इंजेक्शनचे पेन फ्रिजमध्ये ठेवावे, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे, आणि ते दुसऱ्या कुणाला टोचू नये. एक गोष्ट डॉक्टरबाईंनी दोनदा सांगितली: भूक नसली तरी वेळेवर चार घास गेलेच पाहिजेत, कारण साखरेची ही गोळी घेऊन उपाशी राहिले तर साखर धोक्याइतकी खाली येते.

एवढे सगळे लिहून घेऊन परतीच्या वाटेवर मी निक्षून काय सांगितले, तर "काकी, गोळी चुकवायची नाही." मला त्या वाक्याचा अजून संताप येतो.

तीन महिन्यांत तिच्या लुगड्याच्या निऱ्या वाढल्या, साखर उतरली. भाकरीचा वास घेणे मात्र थांबले. "अन्न हाय तसंच हाय गं," ती म्हणाली, "मीच न्हाय तितं." फोनवर मी विचारी, "जेवलीस?" पलीकडून उत्तर येई, "जेवले की." आणि मी समाधानाने फोन ठेवी.

नवरात्रातल्या पाचव्या माळेला मी सहज निरवांगीला गेले. धुपाचा धूर, ओल्या मातीचा गार वास, घटातून वर आलेले पिवळसर कोंब. काकी घटासमोर बसली होती. ओठ सुकून चिरलेले, डोळ्यांत मात्र नवरीची चमक.

"पोटात काय आहे, काकी?"

"पाणी. आज पाचवा दिस."

"आणि गोळी?"

"ती रोज घेते की! चुकवायची न्हाय म्हणाली हुतीस न्हवं?"

"अगं, ती गोळी जेवलेल्या माणसासाठी आहे!" मी ओरडले.

"देवीम्होरं वरडू नगस. चाळीस वर्सांनी माजं पोट गप बसलंय, बाय. आता उपास जमाय लागला, तर तू आडवी येतीस?"

बोलता बोलता तिच्या कपाळावर घाम फुटला. हात थरथरू लागले, शब्द एकमेकांत अडकले. मी धावत जाऊन साखरपाणी केले. तिने दात घट्ट मिटले. "मोडंल," एवढेच म्हणाली. डॉक्टरबाई फोनवर बजावत होत्या, शुद्ध आहे, गिळता येते आहे, तोवर साखर द्या आणि लगेच घेऊन या. मी विनवले, दटावले, मेंदूला साखर कशी लागते ते ऐकवले. माझे सगळे ज्ञान त्या मिटलेल्या दातांवर आपटून परत येत होते.

गलका ऐकून आक्का काठी टेकत आली. तिने काकीकडे पाहिले आणि माझ्या हातातला पेला घेतला.

"कमळे, पी."

"आक्का... चारच दिस ऱ्हायल्यात."

"ऱ्हाऊ देत. म्या सांगते, तुजा उपास पावला. पी आता."

काकीने पेला तळापर्यंत रिकामा केला.

गोळीचा अंमल लांबतो म्हणून बारामतीला तिला दोन दिवस ठेवून घेतले. गोळी कायमची बंद झाली, इंजेक्शन थांबवले. पुढच्या तपासणीत डॉक्टरबाई म्हणाल्या, "लहान डोसनं पुन्हा सुरू करू. औषध वाईट नाही, मावशी. पण उपवास करायचा नाही."

"उपास न्हाय?" काकी म्हणाली. "मंग कशाला टोचू?"

दवाखान्याच्या जिन्यात मी तिच्याशी भांडले. गुडघे, साखर, उरलेले आयुष्य, सगळे तिच्यापुढे मांडले. ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती. खाली पोचल्यावर म्हणाली, "तुला कुणी गोठ्यात धरलं न्हवतं, पोरी." नंतर तिने इंजेक्शन घेतले नाही ते नाहीच.

गेल्या हिवाळ्यात हृदयविकाराने ती गेली. भेटायला येणाऱ्या बायकांना आक्का उंबऱ्याशी बसून सांगत होती, "लई कडक बाई. नवरात्रात पाच दिस निस्त्या पाण्यावर हुती माजी जाऊ. ती सुई घ्यायची न्हवं, भूक म्हणून लागायची न्हाय." बायका हात जोडत होत्या. ते पाच दिवस तिला जवळजवळ घेऊन गेले होते, असे मला ओरडून सांगायचे होते. पण आक्काच्या आवाजात आयुष्यात प्रथमच काकीसाठी अभिमान होता, आणि तो मोडायला माझी जीभ रेटेना.

निघताना लासुर्ण्याहून आलेली एक बाई माझ्याजवळ सरकली. पदर तोंडाशी धरून हळूच म्हणाली, "बाई, मलाबी साखर हाय. ती सुई कुठं मिळती वो? यंदा मलाबी नऊ दिस धरायचंत."

मी तिचा हात धरला आणि तिला अंगणात, बाजेवर बसवले. "आधी सांगा," मी विचारले, "गोळी कोणती घेता?"