नर्समावशींचं ताट

नर्समावशींना कावीळ लांबून ओळखता यायची, पण वाईट माणूस काही केल्या ओळखता यायचा नाही. दौंडला त्या आमच्या शेजारी राहायच्या आणि रोज एसटीनं वरवंडच्या दवाखान्यात जायच्या. कुणाबद्दल काहीही वाईट सांगा, त्या चष्मा पुसत म्हणायच्या, "भाकरी तव्यावर हाय अजून. आत्ताच कच्ची म्हनून कशाला टाकता?" एकदा त्यांची पितळी कळशी चोरणारा सापडला. मावशी तावातावानं गेल्या आणि त्याच्या हातावरच्या खरजेला मलम लावून आल्या. कळशी मागायची राहूनच गेली.

त्यांच्या या विश्वासाची खरी परीक्षा घेतली ती आमच्या अण्णांनी. माझे वडील रेल्वेत पॉइंट्समन. दिवसभर गाड्यांना वाट करून द्यायचे, माणसांना मात्र त्यांनी ती कधी दिली नाही. आई गेल्यावर तर त्यांचं भिंतीशीही पटेना. माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, स्वतःच्या मनानं लग्न केलं आणि ती केंदूरला नांदायला गेली. "मला लेक न्हाई," म्हणून अण्णांनी जे दार लावलं, ते सहा वर्षं उघडलं नाही. मी कमावता झालो होतो, पण घरात तिचं नाव काढायची माझी छाती नव्हती.

मावशींच्या शेवग्याची फांदी आमच्या अंगणात आली, म्हणून अण्णांनी एका सकाळी ती कोयत्यानं उतरवली. मी शरमेनं आत जाऊन बसलो. मावशी आल्या, त्यांनी शेंगा वेचल्या आणि निम्म्या आमच्या ओट्यावर ठेवल्या. "लई बरं झालं अण्णा. तिथवर माझा हात पोचत नव्हता." अण्णा भांडायच्या पूर्ण तयारीनं उभे होते. त्यांचा सगळा दिवस वाया गेला.

रविवारी चर्चमधून आल्या की त्या कुंपणावरून हटकून सांगायच्या, "अण्णा, आज प्रार्थनेत तुमचं नाव घेतलं."

"माझी तक्रार करता व्हय देवाकडं?"

"तक्रार कशाला? ह्यांना विसरू नको म्हनलं, एवढंच."

नाताळात त्यांच्याकडून घरोघरी फराळाचं ताट जाई. पहिल्या वर्षी अण्णांनी ते झाकणासकट परत पाठवलं. दुसऱ्या वर्षी फराळ ठेवून घेतला आणि ताट रिकामं परत केलं. आमच्याकडे शेजारचं ताट रिकामं देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. तिसऱ्या वर्षी रिकाम्या ताटाबरोबर माझ्याकरवी निरोप गेला, की करंजीत सारण कमी होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशी मात्र हरखल्या. "म्हंजी खाल्ली की रे! पापुद्रा सुटाय लागला बघ." फराळ देताना त्या दर वर्षी एवढंच म्हणायच्या, "अण्णा, एकदा केंदूरला जाऊन या." अण्णा तडक आत निघून जायचे.

मग मावशी रिटायर झाल्या आणि शिरूरला पुतण्याकडे राहायला निघाल्या. चार दिवस आधी अण्णांनी फडताळातून त्यांचं ताट काढलं. गेल्या नाताळातलं परत करायचं राहून गेलं होतं. चिंच लावून त्यांनी ते लखलखीत घासलं आणि समोर घेऊन बसले. "बाई चालल्या. रिकामं कसं द्यायचं?"

"पेढे आणू?" मी म्हटलं.

"इतकी वर्सं रिकामं धाडलं, आन् आता इकतचं धाडू?" ते कडाडले. आम्हा दोघांना तर चहापलीकडे काही करता येत नव्हतं. थोड्या वेळानं ताट पिशवीत घालून ते उठले. कुठं चाललात, असं विचारलं तर पायताणाकडे बघत म्हणाले, "जिला तुझ्या आईवानी पुरणपोळी येती, तिच्याकडं."

अक्काच्या दारात उभं राहून सहा वर्षांनी ते लेकीशी पहिलं वाक्य बोलले, "हे ताट भरून पायजे." अक्का रडत रडत पुरण वाटत होती आणि अण्णा बाहेरून ओरडत होते, "जायफळ बेतानं!"

निघायच्या सकाळी अण्णा, अक्का आणि तिची लहानगी पोर असे तिघं ताट घेऊन मावशींच्या दारात उभे राहिले. मावशींनी तिघांकडे आळीपाळीनं बघितलं, पोळीचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि "जायफळ कमी पडलं की हो अण्णा," म्हणत पदरात तोंड लपवून रडल्या.

पुढं दर नाताळात अण्णा अक्काकडचं भरलं ताट शिरूरला नेत आणि मावशी ते फराळानं भरून परत देत. मावशी वारल्या तेव्हा अण्णा दोन दिवस जेवले नाहीत. तरी त्या नाताळातही ताट गेलंच. मी बरोबर होतो. पुतण्याच्या बायकोनं ते दारातच घेतलं, आत जाऊन ओतून आली आणि रिकामं ताट अण्णांच्या हातात दिलं. बसा म्हणायचंही तिच्या मनात आलं नाही. स्टँडपर्यंत अण्णा नुसते फणफणत होते. एसटीत बसल्यावर त्यांनी ताट मांडीवर घेतलं.

"आता पुढच्या वर्षी नको यायला," मी म्हटलं.

"का बरं?" अण्णांनी उपरण्यानं ताट पुसलं. "तव्यावर हाय अजून पोरगी."