काकूला संवाद वाचून दाखवताना

काकू बोलायला लागली की आमच्या अंगणातली कामं थांबायची. काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. आमची दोन घरं समोरासमोर, मध्ये एक सामाईक अंगण. गाव वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या पुढे, बसने अर्धा तास. मी वाशिमच्या इंग्रजी शाळेत शिकले. 'मले-तुले' माझ्या तोंडात बसू नये म्हणून आईबाबा माझ्याशी पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत. त्यामुळे वऱ्हाडी मला पूर्ण कळते, पण बोलायला गेले की आपण कुणाची तरी नक्कल करतोय असं वाटतं. मी एकूणच कमी बोलते. बोलण्याआधी घसा खाकरते, ही शाळेपासूनची सवय आहे.

आजी वारली तेव्हा मी सातवीत होते. आमच्याकडे बायका मयताच्या घरी मुकाट्याने रडत नाहीत. एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि हेल काढून गेलेल्या माणसाशी बोलतात. त्या दिवशी काकू आजीच्या पायाशी बसून म्हणाली होती, "माय व, रोज सकाळी मले उठवाले भांडे कोन आपटीन आता? वीस वर्स भांडलो व आपन, आता मी कोनाशी भांडू?" रडता रडता दोन बायकांना हसू आलं आणि मग त्या आणखी जोरात रडल्या. बाहेर बसलेल्या पुरुषांनी माना खाली घातल्या. मी दाराशी उभी होते. माणूस असंही बोलू शकतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

काकूचं ते बोलणं आता राहिलेलं नाही. त्यात माझा हात आहे, म्हणून हे लिहिते आहे.

व्हिडिओची सुरुवात दादाने केली. दादा म्हणजे काकूचा मुलगा. त्याने नवीन मोबाईल घेतला होता आणि कॅमेरा कसा आहे ते बघायला तो पालथ्या घमेल्यावर टेकवून ठेवला होता. काकू सुपात तूर निवडत होती. आदल्या दिवशी कुणीतरी एक माणूस घरोघरी फिरून फॉर्म भरून गेला होता. दादा त्याच्यासारखा आवाज काढून म्हणाला, "फ्रिज आहे का?"

काकूने वर न बघता सांगितलं, "हाये. थंड नाई करत. उंदरापासून पीठ वाचवाले ठेवला."

"घरात माणसं किती?"

"खानारे विचारतं का कमावनारे?"

आत खाटेवर काका पडले होते. ते ओरडले, "मी आयकून राह्यलो."

"आयका ना. त्याच्यासाठीच बोलून राह्यली," काकू म्हणाली, आणि सुपातला एक खडा उचलून आमच्याकडे न बघता मागे फेकला.

मी तेव्हा कॉलेजच्या सुट्टीत घरी होते. लॅपटॉप माझ्याकडे होता, म्हणून कापाकापीचं काम माझ्याकडे आलं. मी त्या व्हिडिओचं काहीच केलं नाही, फक्त पुढचा-मागचा भाग काढला. तो वाशिम, अकोला, यवतमाळ, पुण्यात नोकरीला गेलेली मुलं, सगळीकडे फिरला. बसमध्ये माझ्यामागे बसलेल्या दोन मुली एकमेकींना "खानारे विचारतं का कमावनारे" म्हणून हसत होत्या. मी खिडकीबाहेर बघत राहिले. खूप बरं वाटलं होतं.

पहिली दोन वर्षं आमची पद्धत तीच होती. काकू काहीतरी काम करत असायची, शेंगा फोडणं, लसूण सोलणं, सारवण. मोबाईल घमेल्यावर. दादा किंवा शेजारची एखादी बाई विषय काढायची. काकू बोलायची. तासाभरातलं दोन मिनिटांचं मी निवडायची. दुसऱ्यांदा बोलायला लावायचं नाही हा दादाचा नियम होता. "दुसऱ्या बारीले माय शहानी होते," तो म्हणायचा. मी काय ठेवते आणि काय टाकते यात काकूला रस नव्हता. "काय करते व त्या डब्ब्यात दिवसभर?" ती लॅपटॉपकडे हात करून विचारायची. "मलेच कापून राह्यली ना? काप, काप. थोडी बारीक दिसीन."

मग दर आठवड्याला एक भाग असं ठरलं. मालिकेत सून हवी म्हणून मालेगावची एक मुलगी यायला लागली. घमेल्याच्या जागी स्टँड आला, गोल दिवा आला, काकूच्या पदराला माइक लागला. अंगणाची एक भिंत गुलाबी रंगवली. काकूच्या हातात सूप असायचं पण त्यात तूर आधीच निवडलेली असायची, कारण खरंच निवडायला लागली की तिचं तोंड खाली जायचं आणि चेहरा दिसायचा नाही.

आणि विषय संपले. दर आठवड्याला गमतीचं बोलावं इतकं आमच्या गावात घडत नाही. एक दिवस काकू नुसती बसून राहिली. दादा म्हणाला, "काय इंग्लिश मॅडम, शिकेल हाये ना तू? लिही ना मंग."

मी लिहिलं. आधी माझ्या मराठीत, मग 'मला'चं 'मले' करून. दादा त्यात जागोजागी 'बाप्पा' घालायचा. काकू चौथीपर्यंत शिकलेली, हाताने लिहिलेलं तिला लागत नसे. म्हणून मी वाचून दाखवायची. दोन-तीन शब्द मी म्हणायचे, तेवढेच ती म्हणायची, मग पुढचे.

सुरुवातीला ती ऐकून घेत नसे. सून सारखी मोबाईल बघते यावर मी काकूसाठी मोठं वाक्य लिहिलं होतं. ते ऐकून ती म्हणाली, "असं कोनी बोलते का व? हे तं भाषन हाये."

"मग तू काय म्हणशील?"

"मी तं काहीच नाई म्हननार. भांडं जोरात ठेवीन."

आम्ही तसंच घेतलं. सून मोबाईल बघतेय, काकू मागून जाते आणि पातेलं ओट्यावर ठेवते. एकही शब्द नाही. आता मागे वळून पाहिलं तर तो आमचा शेवटचा चांगला भाग होता. दादाला तो आवडला नाही. "लोकं डायलॉग मांगतात," तो म्हणाला. व्हिडिओखाली लोकांकडून तसंच लिहून येत होतं, काकू तो डायलॉग मारा ना. मग प्रत्येक भागात "खानारे विचारतं का कमावनारे" आलं. लग्नाच्या भागात आलं, दवाखान्याच्या भागात आलं, शाळेच्या मीटिंगच्या भागात मी ते कसंतरी बसवलं. त्याच्यामागे दादा हसण्याचे आवाज घालायला लागला.

काकूने हळूहळू माझ्या वाक्यांत बदल करणं सोडलं. मी विचारायची, "हे बरोबर वाटतंय का?" ती म्हणायची, "तू शिकेल पोट्टी, तुले समजते." मला ते सोयीचं होतं. खरं सांगायचं तर मला थोडा अभिमानही वाटायचा. मी तोंडाने कधी न बोललेली वऱ्हाडी हजारो लोक काकूच्या तोंडून ऐकत होते.

एकदा दुपारी एडिट करताना माझ्या लक्षात आलं. बोलण्याआधी काकू घसा खाकरत होती. लहानसं, बंद ओठांनी, मी खाकरते तसं. मी मागचा भाग काढला, त्याच्या मागचा काढला. प्रत्येक वाक्याआधी होतं. वाक्याच्या मधोमध ती जिथे थांबत होती तिथे थांबायचं काही कारण नव्हतं. मी वाचताना तिथे श्वास घेतला होता. डोळे मिटून ऐकलं तेव्हा सुपाचा आवाज तेवढा काकूचा होता.

मी ते खाकरणं सगळीकडून कापून काढलं आणि भाग अपलोड केला. दादाला काही सांगितलं नाही.

लोकांना कळतच होतं. पहिल्यासारखं राहिलं नाही, असं लिहून यायचं. काकू आता पाठ करून बोलते, असं कुणीतरी लिहिलं. दादा अशा ओळी लगेच काढून टाकायचा, पण त्याच्या आधी मी वाचलेल्या असायच्या.

मग मी एक चूक केली. वाटलं, जुन्या पद्धतीने करून बघू. काकू परसात भांडी घासत होती. मी मोबाईल चालू करून खिडकीत, डाळीच्या डब्याआड ठेवला आणि तिच्याजवळ जाऊन बसले. तिला तो दोन मिनिटांत दिसला. तिने राखेचे हात धुतले, पदर नीट केला, खिडकीकडे तोंड करून बसली आणि समोर कुणी नसताना म्हणाली, "खानारे विचारतं का कमावनारे?" मग माझ्याकडे बघितलं. "झालं का बरोबर?"

मी म्हटलं, झालं.

यंदा थंडीत काकूची आई गेली. काकूचं माहेर कामरगावजवळचं. फोन आला तेव्हा काका शेतात होते, ते मागून येणार होते. दादाने जीप सांगितली. दादा पुढे, मी आणि काकू मागे. कारंज्यापर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, धरून ठेवतेय. आजीच्या वेळचं मला आठवत होतं. आणि इतकी मी कोरडी झाले होते की तशातही मनात आलं, आता तरी ती खरं बोलेल.

आम्ही पोहोचलो तेव्हा अंगण बायकांनी भरलं होतं. काकू आत शिरली तशी एक कुजबुज झाली. "व्हिडिओवाली लेक आली." बायकांनी वाट करून दिली. तिची भावजय उठली, तिच्या गळ्यात पडली आणि रडायला लागली, "तुह्यी माय गेली व, तुह्यी वाट पाह्यली व तिनं." मग थांबली. आता काकूची पाळी होती. सगळ्या थांबल्या होत्या. मागच्या दोघीतिघी तर माना उंच करून बघत होत्या.

काकूने घसा खाकरला.

मग तिने मान वळवून मला शोधलं. मी दाराशीच उभी होते. तिच्या भुवया थोड्या वर गेल्या होत्या, ओठ उघडे होते. प्रत्येक शूटिंगच्या आधी पहिले दोन शब्द ऐकायला ती माझ्याकडे असंच बघायची. ती मुद्दाम करत नव्हती. तिला बहुतेक ठाऊकही नव्हतं.

मी खाली बघितलं.

कुणीतरी म्हणालं, "पानी द्या व तिले." भावजयच पुन्हा रडायला लागली, तिच्या मागून बाकीच्या रडल्या, आणि काकू आईच्या उशाशी जाऊन बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आवाज नव्हता.

परत येताना कारंजा सोडल्यावर ती खिडकीकडे बघत म्हणाली, "मले काहीच आलं नाई व."

पुढे बसलेल्या दादाने ऐकलं की नाही माहीत नाही.

तेरवी झाल्यावर पुढच्या आठवड्यात दादा आमच्या ओसरीवर आला. "चाल, लिही काहीतरी. तीन आठवडे झाले."

मी म्हटलं, "मी लिहिणार नाही."

"मंग कोन लिहीन?"

"कोणीच नको."

"मंग माय बोलीन काय?"

तो ते रागाने विचारत नव्हता. उंबऱ्यावर टेकला, मग उठून गेला.

मालिका बंद पडलेली नाही. दादा जुन्या भागांचे तुकडे करून पुन्हा टाकतो. फ्रिजवालं, पातेल्याचं. नवीन भागांत सून आणि तिची मैत्रीण असतात. काकू कधी मागे चुलीपाशी दिसते. मी ते बघत नाही. अंगणातून आवाज आला तर शूटिंग चाललंय एवढं कळतं.

परवा काकू तूर निवडत बसली होती. यंदाची, खडे असलेली. मी मोबाईल आत ठेवून तिच्यासमोर जाऊन बसले. तिने माझे हात बघितले.

"लिहून आनलं काय?"

"नाही."

"मंग?"

"असंच."

तिने सुपातली अर्धी तूर माझ्या पुढ्यातल्या ताटात ओतली. "मंग बस. निवड."

आम्ही निवडत बसलो. एकदा तिचा घसा खाकरल्याचा आवाज आला. मी हात थांबवून वाट पाहिली. एक खडा सापडला तो तिने बोटात धरून बघितला आणि तिच्या बाजूला ठेवला. आधी ती असे खडे मागे फेकायची.