अक्कांच्या पाठीचा बाक

“जरा दारापर्यंत जाऊन या की.”

ब्लाउज शिवायला आलेल्या प्रत्येक बाईला अक्का आधी हे सांगायच्या. टेप गळ्यात तसाच लटकलेला. बाई बावरून चार पावलं जायची, वळून यायची, आणि अक्का मान तिरकी करून बघत राहायच्या. “उजवा खांदा खाली हाय तुमचा. घागर त्याच हातानं उचलता, व्हय ना?” बहुतेक वेळा ते खरंच निघायचं.

सोलापुरात, नवी पेठेतल्या एका जिन्याखाली त्यांचं मशीन होतं. त्याच जिन्यानं वर गेलं की आमचं छपाईचं दुकान. मी तिथं लग्नपत्रिका जुळवते आणि जेवणाच्या सुट्टीत टाक-शाईनं कॉमिक काढते. अक्का विणकरांच्या घरातल्या. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी. त्यांच्या मुलीच्या वयाची असूनही मला त्या ‘अम्मा’ म्हणायच्या. तेलुगूत लेकीलाही लाडानं अशीच हाक मारतात.

एकदा पुण्याच्या एका प्रकाशकांनी माझी पानं परत पाठवली. रेघ चांगली आहे, पण माणसं एकमेकांपासून वेगळी वाटत नाहीत, असं त्यांनी लिहिलं होतं. मी जिन्यात बसून माझी पाचही पात्रं शाईनं भरून काळी करून टाकली. नुसत्या आकारावरून कोण कुठलं ते ओळखू येतंय का, बघायचं होतं. येत नव्हतं.

“ह्यांना काळं का फासलंस? काय केलं बिचाऱ्यांनी?” अक्का दारातून डोकावल्या.

मी कारण सांगितलं. त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

“अगं, ही समदी एकाच मापाची. केसं तेवढी बदललीस. माझ्या गिऱ्हाइकात दोन बाया एका मापाच्या दाखव बरं.”

दुसऱ्या दिवसापासून मी डबा घेऊन त्यांच्या स्टुलावर बसू लागले. बाई मिनिटभरात निघून जायची, म्हणून पेन्सिल सोडली, थेट शाईच. रेघा चुकायच्या, डाग पडायचे. अक्कांना त्याची फार गंमत वाटायची. “शिवण उसवता येती. तुझी शाई न्हाई उसवत,” म्हणायच्या, आणि लगेच पुढचा प्रश्न, “आधी नाक काढतीस का पाय?”

“नाक.”

“पाय काढ. नाक कुणी पण लपवतं पदरानं.”

त्यांच्यासोबत मी रस्ता बघायला शिकले. मोहोळहून बाजाराला आलेली एक बाई लेकरू खाली उतरवल्यावरही कंबर एका बाजूला काढूनच उभी राहिली होती. अक्कांनी मला कोपरानं ढोसलं, “बघ, लेकरू गेलं, जागा हाय अजून.” तुम्हीही कधी भाजी घेताना असं बघा. लोक किती काय काय अंगावर घेऊन हिंडत असतात!

माझी माणसं सुधारली. आणि मग माझ्या हातून ते झालं.

गोष्टीत मला घराघरांत भांडणं लावणारी एक म्हातारी हवी होती. तिला मी अक्कांची पाठ दिली. तोच बाक, पुढं आलेली मान, बाहेर काढलेलं डावं कोपर. सगळ्या पात्रांत तीच जिवंत झाली. मी ते पान दाखवायचं टाळत होते. एका दुपारी ते स्टुलावर राहिलं आणि एक गिऱ्हाईक हसून म्हणालं, “अय्या, अक्का, ही तर तुम्हीच की!”

अक्कांनी पान उचललं. म्हातारीच्या तोंडचं एकेक वाक्य सावकाश वाचलं. पान जागेवर ठेवलं. “गळा मागून खोल ठेवायचा ना, ताई?” त्यांनी गिऱ्हाइकाला विचारलं.

आठ दिवस मी वरच जेवले. नवव्या दिवशी जिन्याखालून हाक आली, “अम्मा, खाली ये. पान घेऊन ये.”

मी समोर उभी राहिले. त्या चित्रावर बोट ठेवून म्हणाल्या, “वाईट बाई काढलीस, त्याचं काय न्हाई. वाईट बाया असत्यात. पण ही वाकली कशानं? ही तर नुसती ओट्यावर बसून बोलती. असा बाक मशीनवर बसून येतो. चाळीस वर्षं लागत्यात. बोलून न्हाई येत.”

“चुकलं, अक्का.”

“चुकलं तर बदल की. हिला काम दे.”

मी म्हातारीला शिलाई मशीन दिलं. मग भांडणं लावायला तिला वेळच उरेना. लोकांच्या चालीवरून त्यांची दुखणी ओळखणारी बाई होऊन ती मधोमध आली आणि सगळी गोष्टच फिरली. प्रकाशकांनी ती घेतली.

पुढं अक्कांना सुईत दोरा ओवता येईना. भिवंडीत राहणारा त्यांचा मुलगा त्यांना तिकडं घेऊन गेला. मी गोष्टीचा पुढचा भाग काढत होते. फोन मात्र यायचा. माझी चौकशी नंतर. आधी, “आपली बाई काय करती आता?”

एकदा म्हणाल्या, “तिला माहेरी पाठव की.”

“कुठलं गाव घालू?”

“माझंच घाल. तिकडं तेलंगणात. लहानपणी सुटलं ते सुटलं.”

दोन लिंबाची झाडं, उतरतं छप्पर, दगडाची पायरी. त्यांनी सांगितलं तसं मी घर काढलं. मी पाठवलेलं ते चित्र मुलानं त्यांना फोनवर मोठं करून दाखवलं. लगेच अक्कांचा फोन आला, “दार डाव्या अंगाला होतं गं!”

मी अख्खं पान नव्यानं काढायला घेतलं. चार दिवस लागले. शाई वाळत होती तेव्हा मुलाचा फोन आला. आई सकाळी गेली, म्हणाला. मग त्यानं विचारलं, “दार बदललं का? काल सारखी विचारत होती.”

“बदललं,” मी म्हणाले.

ते पान मी त्याला पाठवलं. बाई पिशवी घेऊन आईच्या घरासमोर उभी आहे. दार डावीकडे आहे, उघडं आहे, आणि उंबऱ्यापुढं कुणीतरी नुकतंच पाणी शिंपडलंय.