सप्तकाचे एकोणीस भाग

फर्डिनंड मच्याडो वसईतल्या गिरीजला राहायचे. बँकेत नोकरी, घरामागे केळीची वाडी, रविवारी चर्चच्या गायनवृंदात गिटार. तक्रार एकच: की-बोर्डचा गंधार चढा लागतो.

"सप्तकाचे बारा सारखे भाग पाडले की असंच होणार," ते सांगायचे. "पंचम जवळपास जागेवर येतो, गंधार येत नाही."

लोक मान हलवून वाडीतल्या केळींची चौकशी करायचे.

२००१ साली त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि वसई स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जाऊ लागले. तिथे कळलं, की हे दुखणं जगात आणखी काहीजणांना आहे. त्यांतले कोणी सप्तकाचे एकोणीस भाग करतात, कोणी एकतीस. घरी येऊन त्यांनी गिटारीच्या दांडीवरचे सगळे पडदे उपटले आणि एकोणीसच्या हिशेबाने नवे बसवले. मग दुसरी गिटार आणून तिला एकतीसचे.

"एक गिटार होती तेव्हा तक्रारही एकच होती," बायको एस्थर म्हणाली.

तुलनेसाठी त्यांनी बोळिंजहून दिनानाथना बोलावलं. ते बँकेतले जुने सहकारी, शास्त्रीय गाणारे. तानपुरा घेऊनच आले. त्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार ऐकायचा, मग गिटारीचा, असं दुपारभर चाललं.

"एकोणीसचा गंधार जरा उतरलाय, पंचमही," दिनानाथ म्हणाले. "पण दोघं मिळून उतरलेत. चालेल."

"आणि एकतीस?"

"गंधार थेट तानपुऱ्यातला. पण मच्याडोसाहेब, वाजवता येतंय का?"

येत नव्हतं. वरच्या स्वरांकडे पडदे इतके दाट, की फर्डिनंडच्या एका बोटाखाली दोन यायचे. एकतीसची गिटार भिंतीवर गेली.

२००४ मध्ये त्यांच्या मुलीचं, इझाबेलचं लग्न ठरलं. मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या लग्नविधीच्या, सरावाला की-बोर्ड आणि एकोणीसची गिटार एकत्र वाजली. फादर पास्कलनी हात वर केला.

"फर्डिनंड, दोघांपैकी चुकतंय कोण?"

"की-बोर्ड, फादर."

फादरनी थोडा विचार केला. "लग्न तुमच्या मुलीचं आहे," म्हणाले आणि की-बोर्ड बंद करायला लावला.

"पप्पा, फक्त लांबवू नका," इझाबेल म्हणाली.

लग्नात कम्युनियनच्या गीताला एकटी गिटार वाजली. पहिल्या ओळीला गाणारे चाचपडले. दुसऱ्या ओळीला सगळे आवाज गंधारावर एकत्र टेकले आणि तिथेच राहिले. फर्डिनंडचे डोळे भरून आले. त्यांनी मान खाली घालून पडद्यांकडे पाहिलं.

जेवणाच्या वेळी गिटारीचा विषय कोणी काढला नाही. नवऱ्या मुलाच्या मामांनी तेवढं विचारलं, "की-बोर्ड बिघडला होता का?"

"हो," फर्डिनंड म्हणाले. "बऱ्याच वर्षांपासून."

पुढच्या रविवारी की-बोर्ड परत सुरू झाला. फर्डिनंडनी चर्चमध्ये वाजवणं सोडलं. ते संध्याकाळी ओटीवर वाजवू लागले. एस्थर वाडीतून ओरडून सांगायची, "लग्नातलं वाजवा." बाकीची गीतं तिला आवडायची नाहीत.