त्रेचाळीस हात

यादीवाल्या काकू म्हणजे वॉर्डाची मतदारयादी पाठ असलेली बाई. पाठ म्हणजे अगदी पाठ. आता त्या ऐंशीला टेकल्यात, सकाळची गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, पण कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या सासूचा अनुक्रमांक विचारा. आठशे बारा. सासूला जाऊन पंधरा वर्षं झाली. "आता मोबाइलवर नंबर येतो म्हणे," असं त्या म्हणतात, आणि ज्या सुरात म्हणतात त्यावरून मोबाइलने त्यांच्या घरात चोरी केली असावी असं वाटतं.

नोकरी सार्वजनिक ग्रंथालयात, पुस्तकं देण्या-घेण्याच्या खिडकीवर. नवरा बस डेपोत स्टोअरकीपर, आणि संध्याकाळी पक्षाच्या वॉर्ड शाखेचा चिटणीस. सगळं जग त्यांना चिटणीसच म्हणायचं; डेपोतले म्हणायचे, दूधवाला म्हणायचा, आणि जन्मदात्री आईसुद्धा "चिटणीस, जेवून घ्या आता" असं म्हणायची. शाखेच्या इतिवृत्ताचं रजिस्टर त्यांच्याकडे असे. सभेत कोण काय बोललं, ठराव कुणी मांडला, बाजूने किती, विरोधात किती, सगळं त्यात. शाखेत भांडण लागलं की कुणीतरी म्हणायचं, "चिटणीसांच्या वहीत बघा की," आणि वहीत असेल ती काळ्या दगडावरची रेघ. काकूंना नवऱ्याचा अभिमान होता तो या एकाच गोष्टीचा. बाकी गृहस्थ चहाचा कप जिथे प्यायला तिथेच विसरणारा, आणि छत्र्या हरवण्यात तर हातखंडा.

निवडणूक आली की दोन खोल्यांपैकी बाहेरची खोली काकूंची व्हायची. सरकारी यादीत एका घरातली माणसं तीन पानांवर विखुरलेली असायची. काकू त्यांना पुन्हा घराघरांत नेऊन बसवायच्या, गल्लीवार, मजल्यावार. मग पेन्सिलीने खुणा. आपलं मत असेल तर बरोबर, समोरच्याचं असेल तर फुली, अजून डळमळतंय तर गोल. आणि मग चिठ्ठ्या. नाव, अनुक्रमांक, शाळेतली कितवी खोली, सगळं वळणदार अक्षरात. छापील चिठ्ठ्या निघाल्या तेव्हाही त्यांनी हाताने लिहायचं सोडलं नाही. "छापलेली चिठ्ठी वाटली असं वाटतं," त्या म्हणायच्या, "लिहिलेली चिठ्ठी आली की कुणीतरी आपली वाट बघतंय असं वाटतं." सव्वीस वर्षं त्यांनी अशा चिठ्ठ्या लिहिल्या, पक्षासाठी. ते दिवस आठवले की त्यांच्या डोळ्यांत अजून पाणी येतं. कारण त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची, चिटणीस रबराने चुकीच्या खुणा खोडायचे, आणि दोघं नवरा-बायको एकमेकांशी जेवढं त्या महिन्यात बोलायचे तेवढं एरवी वर्षभरात बोलायचे नाहीत.

आणि मग ती निवडणूक आली.

शाखेत प्लंबर म्हणून एक जण होता. अठरा वर्षं पक्षाची पत्रकं चिकटवलेली, आणि वॉर्डातल्या निम्म्या घरांतले गळके पाइप बांधलेले. बोलायला साधा, कधीकधी अडखळायचा. यंदा तिकीट त्याला द्यावं असं बहुतेकांचं मत होतं. विरोधात एक नवीन नाव आलं, लाकडाच्या वखारवाल्याचा भाचा. दोन महिन्यांपूर्वी त्याने वॉर्डात एक खोली भाड्याने घेतली होती आणि तिच्या दाराला अजून कुलूपच होतं. लोकांनी त्याचं नाव पाहुणा ठेवलं.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर शाखेची कचेरी होती. तिथे सभा झाली. साठ माणसं, बाकं कमी पडली, कपाटाला टेकून लोक उभे. हात वर करून मतदान झालं. मोजायला काकूंना उभं केलं, कारण त्यांच्या मोजणीवर दोन्ही बाजूंचा भरवसा. त्यांनी दोनदा मोजलं. प्लंबरला त्रेचाळीस, पाहुण्याला सतरा. चिटणीसांनी कच्च्या कागदावर टिपून घेतलं. नेहमीची पद्धत तीच, रजिस्टरमध्ये पक्कं लिहायचं ते सावकाश घरी बसून.

आठ दिवसांनी तिकीट जाहीर झालं. पाहुण्याला.

त्याच संध्याकाळी वरचे साहेब काकूंच्या घरी आले. वरचे म्हणजे शहर कार्यालयातले, उंटावरून शेळ्या हाकणारे. खुर्चीवर नीट टेकलेसुद्धा नाहीत. काकू आत चहा टाकत होत्या, आणि मधे नुसता पडदा होता.

"चिटणीस, इतिवृत्त लिहून झालं?"

"नाही अजून."

"बरं झालं. एवढंच लिहा, चर्चेअंती निर्णय वरिष्ठांवर सोपवण्याचं एकमताने ठरलं. त्रेचाळीस-सतरा बाहेर गेलं तर पक्ष फुटला म्हणतील. तुम्ही जुनी माणसं. पक्ष तुम्हीच सांभाळायचा."

चिटणीस म्हणाले, "बघतो."

काकूंना वाटलं, बघतो म्हणजे नाही. एकतीस वर्षांच्या संसारात बघतो म्हणजे नाहीच असायचं. साहेब गेल्यावर चिटणीसांनी रजिस्टर उघडलं, चार ओळी लिहिल्या, सही केली. काकूंनी खांद्यावरून वाचलं. 'एकमताने'.

"अहो, मी मोजले होते हात."

"माहीत आहे मला."

"मग?"

"पक्ष आहे अगं. घरातलं भांडण चव्हाट्यावर नेतं का कुणी?"

"खोटं लिहून घर राहतं का?"

त्यावर ते उठले आणि अजून उजेड असतानाच दिवा लावायला गेले. दुसऱ्या दिवशी प्लंबरने अपक्ष अर्ज भरला, आणि काकू त्याच्या घरी जाऊन म्हणाल्या, "तुझ्या चिठ्ठ्या मी लिहीन." प्लंबर रडायलाच लागला. त्याची बायको म्हणाली, "रडू नका हो, अजून हरलेलो नाही आपण."

तिसऱ्या दिवशी पक्षातून निरोप आला, यादी पाठवा. निरोप चिटणीसांनीच आणला, चपला न काढता उंबऱ्यात उभं राहून.

काकू म्हणाल्या, "यादी सरकारी आहे, ती न्या. खुणा माझ्या आहेत. त्या खोडून देते." आणि खरंच, त्या दुपारी त्यांनी रबर घेऊन सगळ्या वॉर्डाच्या खुणा खोडल्या. बरोबर, फुली, गोल, पान न पान. चिटणीस समोर बसून बघत राहिले. एकदा त्यांचा हात सवयीने दुसऱ्या रबराकडे गेला आणि त्यांनी तो मागे घेतला. कोरी यादी हातात देताना काकूंच्या मांडीवर रबराचा भुगा साचला होता. पक्षाला यादी मिळाली, आणि काकूंचं काय गेलं? काही नाही. खुणा सगळ्या डोक्यात होत्या.

प्लंबरने चिन्ह म्हणून नळ मागितला होता. मिळाली शिट्टी. मग काय, सगळ्या वॉर्डाचं डोकं उठलं. रिकामटेकडे शिट्ट्या मारायचे, कामाची माणसं शिट्ट्या मारायची, निवृत्त हेडमास्तर फिरायला जाताना मारायचे. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा शिट्टी वाजवायचा प्रयत्न केला. नुसती हवा गेली. प्लंबरची बायको हसून हसून भिंतीला टेकली. इतकं हसणं त्या घरात पुन्हा झालं नाही, असं काकू सांगतात.

पण दारोदार गेलं की हसू मावळायचं. पक्षाने पत्रक काढलं होतं: वॉर्ड शाखेने निर्णय एकमताने वरिष्ठांवर सोपवला, आता काही जण स्वार्थापोटी फुटले आहेत. खाली सही चिटणीसांची. लोक चिठ्ठी घ्यायचे, काकूंना पाणी विचारायचे, आणि मग म्हणायचे, "पण काकू, चिटणीसांनीच लिहिलंय ना? म्हणजे खरंच असणार."

आता यावर बाईने काय बोलावं? "हात मी मोजले होते, त्रेचाळीस होते," एवढं त्या म्हणायच्या. माझा नवरा खोटं बोलतोय, हे चार शब्द त्यांच्या तोंडून एकाही दारात निघाले नाहीत. जिना उतरताना स्वतःवर चिडायच्या, नवऱ्यावर त्याहून चिडायच्या, आणि घरी येऊन त्यालाच गरम जेवण वाढायच्या. दोघांमधलं बोलणं मीठ आणि पाण्यापुरतं उरलं होतं. निवडणूक काय, होते आणि जाते. काकूंना भीती होती ती वेगळीच. ज्याच्या वहीवर सगळे डोळे मिटून विश्वास ठेवायचे तो माणूस हातातून जातोय की काय, आणि उरलेलं आयुष्य भलत्याच कुणाबरोबर काढावं लागतंय की काय.

मतदानाच्या दिवशी शाळेपासून ठरलेल्या अंतरावर दोन टेबलं लागली, रस्त्याच्या दोन बाजूंना. इकडे काकू, तिकडे चिटणीस. तिकडे लोक नंबर विचारायचे तर पानं उलटता उलटता रांग लागायची. इकडे माणूस दिसला की काकू नंबर सांगायच्या. दुपारी काकूंच्या लक्षात आलं की घरून डबा एकच आणलाय, सवयीने, दोघांचा. अर्धा खाऊन उरलेला त्यांनी रस्ता ओलांडणाऱ्या एका म्हातारबुवांच्या हाती पाठवून दिला. चिटणीसांनी मान खाली घालून खाल्ला आणि डबा धुऊन परत पाठवला. एकतीस वर्षांत त्यांनी धुतलेला हा पहिला डबा.

प्लंबर सव्वीस मतांनी पडला. आयत्या बिळावर नागोबा निवडून आला, गुलाल उधळत गेला, आणि त्याच्या खोलीचं कुलूप काही निघालं नाही. प्लंबर दुसऱ्या दिवशी पाना घेऊन कामाला गेला. काकूंना भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, "चिटणीसांची ती सही नसती ना काकू, तर सव्वीस मतं काही जड नव्हती." रागाने नाही म्हणाला, म्हणून जास्त लागलं. काकूंनी ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. चिटणीसांनी ऐकून घेतलं. त्या रात्री ते जेवले नाहीत.

महिन्याभरात शाखेची सभा लागली. नोटीस घरी आली, एकाच पाकिटात दोघांना. विषय क्रमांक एक, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं. विषय क्रमांक चार, पक्षविरोधी काम करणाऱ्या सदस्यांवर कारवाई. काकू म्हणाल्या, "चौथ्या विषयापर्यंत मी सदस्य आहे. येणार." आणि गेल्या. मागच्या बाकावर बसल्या. तीच साठ माणसं, दोन-चार कमी. प्लंबर आलाच नव्हता. अध्यक्षस्थानी वरचे साहेब, शेजारी नवा हार घातलेला पाहुणा.

चिटणीस रजिस्टर घेऊन उभे राहिले. काकूंना माहीत होतं, पानावर चार ओळी आहेत. अर्ध्या मिनिटाचं काम. आणि ज्यांनी तेव्हा हात वर केले होते त्यांच्याच तोंडावर त्या जर आज वाचल्या गेल्या, तर सगळं संपलं.

चिटणीसांनी वाचायला सुरुवात केली. तारीख, वेळ, उपस्थिती साठ. मग प्लंबरचं नाव कुणी सुचवलं ते. अनुमोदन कुणी दिलं ते. पाहुण्याचं नाव कुणी सुचवलं ते. चार ओळी कधीच संपल्या होत्या आणि ते वाचतच होते. "हात मोजण्यात आले, दोनदा. बाजूने त्रेचाळीस, विरोधात सतरा."

साहेबांनी हात पुढे करून रजिस्टर स्वतःकडे ओढलं. पान बघितलं. "अहो चिटणीस, हे असं कुठे लिहिलंय इथे?"

"लिहिलंय ते चुकीचं आहे," चिटणीस म्हणाले. "लिहिलंय मीच. वाचतोय ते बरोबर आहे. इतिवृत्त या दुरुस्तीसह कायम करावं, अशी माझी सूचना आहे."

साहेब सावरून बसले आणि गोड हसले. नियम त्यांनाही पाठ होते. "सूचनेला अनुमोदन लागतं. आहे कुणाचं?"

त्या त्रेचाळीसांतली जी आली होती ती मूग गिळून बसली. कुणी चपलेकडे बघत होतं, कुणी पंख्याकडे. चिटणीस एकटे उभे, उघडं पेन हातात. बसा म्हटलं असतं तर ते बसलेही असते.

काकूंनी हात वर केला.

"यांचा कसा चालेल?" पाहुणा म्हणाला. "यांच्यावर तर कारवाई आहे."

"ती चौथ्या विषयात," काकू म्हणाल्या. "आता पहिला चाललाय."

साहेब काही बोलायच्या आत चिटणीसांनी रजिस्टर पुन्हा स्वतःसमोर ओढलं, वाकले आणि लिहू लागले. त्यांच्या पद्धतीप्रमाणे लिहिता लिहिता मोठ्याने उच्चारत होते. "सूचक, स्वतः चिटणीस. अनुमोदक..." इथे ते थांबले. घरात एकतीस वर्षं त्यांनी बायकोला अगं याखेरीज कधी हाक मारली नव्हती. मग त्यांनी काकूंचं नाव घेतलं, पूर्ण, आडनावासकट, त्या भरल्या खोलीत, एकेक अक्षर नीट. काकू तिथेच, सगळ्यांदेखत, पदर तोंडाला लावून रडल्या.