मावशीनं लावलेलं जंगल

कमलमावशी गेल्याचा निरोप घेऊन तिचा मुलगा महादू आदिलाबादला माझ्या दुकानात आला, तेव्हा त्याचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले होते. मला आधी तो चिखलच दिसला. "आई गेली दादा…" एवढंच तो बोलला. महिना उलटला, पण तो चिखल आठवला की अजून माझं डोकं फिरतं. त्या चिखलाच्या जागी सडक व्हावी म्हणून मावशीनं अर्धं आयुष्य कचेऱ्यांत घालवलं होतं हो!

तिचं गाव गुडीहत्नूरकडचं, हायवेपासून आत, मधे सागवानाचं रान. मावशी भाजीपाला पिकवायची. पावसाळ्यात बैलगाडी रुतली की टोपली डोक्यावर घेऊन हायवे गाठायची. त्याच वाटेवर, रुतलेल्या गाडीत, तिची धाकटी जाऊ बाळंतपणात गेली. तेव्हापासून मावशीला सडकेशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

ऐंशी सालानंतर राज्य सरकारनं सडक मंजूर केली, खडीसुद्धा येऊन पडली. आणि जंगलखात्यानं काम थांबवलं. दिल्लीचा नवा कायदा आला होता, जंगलातून सडक न्यायची तर केंद्राची परवानगी हवी. कचेरीतले कागद तेलुगूत आणि मला तेलुगू वाचता येतं, म्हणून मावशी मला धरून कचेरीत न्यायची. "काऊन जी साहेब, आमच्या गावची सडक दिल्लीले इचारा लागते?" साहेबांनी समजावलं, की जेवढी झाडं तोडाल तेवढी दुसरीकडं लावावी लागतील, त्यात वेळ जाईल. मावशीचा चेहरा खुलला. "मंग आमी आताच लावून ठेवतो ना! तेवढाच त्याईचा येळ वाचन!"

मी कपाळावर हात मारला. पण ऐकेल ती मावशी कसली? बायकांना गोळा करून तिनं गावाच्या बोडक्या गायरानात कडुलिंब, आंबे लावले. बाजारातून परतताना डोक्यावर रिकामी टोपली आणि हातात पाण्याची बादली… उन्हाळेच्या उन्हाळे तिनं ती रोपं जगवली. फाईल मात्र हैदराबाद-दिल्ली करत राहिली. रात्री सागवान चोरून नेणाऱ्यांना कधी कोणाची परवानगी लागली नाही, ते सोडा!

मग एक शहाणा इंजिनियर आला. म्हणाला, रानातून कशाला, गायरानातून वळवून नेऊ, तिथं कागदावर जंगल नाही. चुन्याच्या रेघा पडल्या, मावशीनं पेढे वाटले. आणि सुप्रीम कोर्टाचा निकाल आला : कागदावर काहीही असो, जे जंगल आहे ते जंगलच धरायचं. आणि गायरानात तोवर मावशीची झाडं दाट झालेली! काम पुन्हा बंद, पुन्हा दिल्ली.

कोर्टाचं चुकलं असं मी म्हणत नाही. डोंगरच्या डोंगर बोडके होत होते, कोणीतरी तोडणाऱ्यांचा हात धरायलाच हवा होता. पण तो हात नेमका मावशीचाच धरायचा? मी दुकानात आदळआपट केली. मावशी आधी हसली. "बाप्पा! म्याच लावलं अन् मलेच आडवं आलं!" मग पदर डोळ्याला लावला. दुसऱ्या दिवशी मात्र बादली घेऊन झाडांकडं गेलीच.

तिच्या गावात रीत आहे, माणसानं लावलेल्या झाडाचं लाकूड त्याच्या सरणावर ठेवायचं. मावशीनं महादूला सांगून ठेवलं होतं, "माह्या लिंबाचं लाकूड ठेवजो." ती गेली त्या दिवशी कुऱ्हाड घेऊन आम्ही गायरानात गेलो, तर जंगलखात्याचा गार्ड उभा. मावशीच्या हातचा चहा कितीदा प्यालेला माणूस. त्याचेही डोळे भरले होते. "भाऊ, मेरी नौकरी जाएगी…" म्हणाला. मी कुऱ्हाड खाली ठेवली.

आदिलाबादहून लाकडं मागवली. ट्रक हायवेवर थांबला, पुढं यायला सडक कुठं होती? गावातल्या बायका-माणसांनी एकेक ओंडका खांद्यावर घेतला. गार्डनंही घेतला. चिखल तुडवत, मावशीच्या झाडांच्या सावलीतून, आम्ही तिच्यासाठी विकतचं लाकूड घेऊन गेलो. पहिल्या लिंबाच्या फांदीला तिची बादली अजून टांगलेली आहे.